एका ठोशात आडवा झालेला व्हिलन

दोस्तहो, आज डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहून राहिले.

मी हदगावला, धाकटा भाऊ बंटी मुरुडला. शाळेपासून आम्ही एकच मारधाडीचं अॅनिमे, म्हंजे जपानी कार्टून, बघतो. माझं लग्न झालं तेव्हाच ठरलं, एकट्यानं बघायचं न्हाई. फोन स्पीकरवर ठेवायचा, 'एक, दोन, तीन' म्हणायचं अन् दोघांनी सोबतच प्ले दाबायचं. एरवी आमचं बोलणं म्हणजे "जेवलास का?" "हाव." संपलं.

आज मोठ्या लढाईचा एपिसोड होता. याची कितीक वर्षं वाट बघितली. दुपारी पोळ्या उरकून बसले.

अन् दाखवलं काय? निम्मा वेळ जुन्याच आठवणी. मग हिरो नुसताच ओरडत उभा. शेवटी तो व्हिलन, ज्याच्यापायी आम्ही शाळा बुडवली, एका ठोशात आडवा.

मला वाटलं, आता बंटी शिव्या घालील. आमचं खरं बोलणं तिथूनच तर सुरू होतं. एपिसोडवरून भांडता भांडता त्याच्या नोकरीचं, आईच्या गुडघ्याचं, सगळं निघतं.

तो एवढंच म्हणाला, "ताई, लई कंटाळा आला. इथून पुढचं तू एकटीच बघ."

अन् फोन ठेवला.

पुढची गोष्ट ज्यांनी मूळ कॉमिकमध्ये आधीच वाचलीय त्यांनी सांगा, पुढं काही भारी हाय का? नसलं तरी हाय म्हणूनच लिहा. मला त्याला स्क्रीनशॉट पाठवायचाय.