तीळ दाखव

नर्सला शीर भेटून नव्हती राहिली, माझी पोरगी मिनू हात पोटाखाली दाबून ओरडत होती, मी तिचे पाय धरले होते, अन् मान वळवून पाह्यलं तर बाहेरच्या बेंचवर मामाजी नव्हते. चप्पल काढून मी माझ्या पिशवीत टाकली होती त्यांची, की कुठं जाऊ नये. तरी गेले. अन् मिनूचं एकच, "आबाला बोलाव. आबा आला की मी सुई घेईन."

मामाजी म्हणजे माझे सासरे, मिनूचे आबा. फॅक्टरीत खरादीवर, लोखंड कातून आकार द्यायच्या मशीनवर, जिंदगी गेली त्यांची. आमच्या मोहल्ल्यात त्यांच्यासारखं हसवणारं कोणी नव्हतं, पण ऐकलेला चुटकुला त्यांनी कधी सांगितला नाही. कोणी सांगायला लागलं की म्हणत, "शिळा हाये, तुझाच तू खा." जे समोर दिसे त्यातूनच घडवत. खोव्याची काळी जलेबी आणली की म्हणत, "बिचारी कमानिया गेटच्या गल्ल्यांमध्ये वाट चुकली. वळूवळू अशी झाली, अन् उन्हानं काळी पडली."

माझी आठवीतच शाळा सुटली, मला असं कुठं सुचते. एकदा विचारलं, मामाजी, हे येते कुठून? म्हणाले, "सूनबाई, खरादीवर नुसता लोखंडाचा गोळा असते. आत काय लपलं हाये ते आधी डोक्यात दिसा लागते. हसण्याचं बी तसंच."

मिनूच्या अंगात रक्त बनत नाही, घडीघडी चढवा लागते. पहिल्यांदा ती अशीच ओरडली तेव्हा मामाजींनी सांगितलं, सुई म्हणजे शिकलेला मच्छर हाये, सरकारी नौकरीवर लागला, म्हणून विचारून चावते. मग तर खेळच ठरला. पलंगापाशी येऊन, अनोळखी तोंड करून ते विचारत, "हे कोणाचं पोरगं हाये?"

"मी मिनू."

"काहून खोटं बोलून राहिली? आमची मिनू भेडाघाटच्या माकडानं नेली, अन् बदल्यात तू दिली. खरी असशील तर तीळ दाखव."

तीळ कोपराच्या आतल्या बाजूला. तो दाखवायला ती हात लांब करे, अन् सुई जाई. दरवेळी मिनूला नेणारा नवा. कधी माकड, कधी फॅक्टरीचा भोंगा.

दिवाळीपासून मामाजी विसरून राहिले. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते वापस नाही येत, जितकं हाये तितकं सांभाळा. मिनूला आम्ही काही सांगितलं नाही.

त्या दिवशी झाडूवाल्या बाईनं त्यांना हात धरून आणलं, अनवाणी. ते पलंगापाशी उभे राहिले. मिनूकडं पाह्यलं.

"हे कोणाचं पोरगं हाये?"

मिनू रडता रडता हसली. "आबा, मी मिनू. हा पहा तीळ." हात लांब केला. नर्सनं शीर धरली.

मामाजी तिळाकडं पाहत राहिले. माकड नाही, भोंगा नाही, काहीच नाही. मग माझ्याकडं वळले अन् हात जोडून हळूच बोलले, "बहनजी, बच्ची बहुत रो रही है. इसकी माँ को बुला दो."

घरात मराठीच बोलणारा माणूस. हिंदी ते फक्त बाहेरच्यांशी बोलत.

मिनू खिदळली. "आई, आज आबा तुझ्यासोबत बी खेळून राहिले."

मी बी हसले. काय करणार होती.

आता पुढचं रक्त चढवायचं जवळ आलं. मामाजी आता काही विचारत बी नाहीत, नुसते पाहतात. मिनू म्हणते, आबा नवीन खेळ बनवून राहिले, न बोलायचा. सांगून टाकलं तर ती कोणासाठी हात लांब करीन? नाही सांगितलं तर पलंगावर त्यांच्या तोंडाकडं पाहत बसन. मी भांडे घासता घासता माकडाचं काही जुळते का पाहते, नाही जुळत. डोक्यात नुसता गोळा.

तुम्ही माझ्या जागी असते तर काय केलं असतं?