धुतलेला श्लोक

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार दाजीशास्त्र्यांचे. ते नसते तर मी बी.ए. झालो नसतो. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना हात अडखळतो.

सोलापुरात त्यांच्या घरी संस्कृतची संथा चाले. जुनी रीत. शास्त्रीबुवा एकदा म्हणणार, मुलं त्यांच्यामागून दोनदा. हातात पुस्तक नाही. मुलं ओसरीवर, मी खाली अंगणात. मी महारवाड्यातला. मला शिकवतात म्हणून शास्त्रीबुवांना त्यांच्याच लोकांची बोलणी खावी लागत. तरी त्यांनी मला हाकललं नाही.

एकदा पुण्याहून पाहुणे आले. शास्त्रीबुवांनी माझ्या वडिलांनाही बोलावलं. ते गिरणीतून तसेच आले, केसांत कापूस. माझ्याही मागे, फाटकाशी उभे राहिले.

"म्हण रे," शास्त्रीबुवा म्हणाले.

मी श्लोक म्हटला. एक अक्षर चुकलं नाही.

"वा. अगदी आपल्या मुलांसारखं," एक पाहुणे म्हणाले. मग वडिलांकडे बघून, "काय रे, तुला काही कळलं का?"

"न्हाय जी. पर लई ग्वाड हाय की."

सगळे हसले. वडीलही हसले. मला त्यांची लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते.

शास्त्रीबुवा ओसरीकडे वळले. "आता तुम्ही म्हणा रे तोच श्लोक. धुऊन निघू दे."

मुलांनी म्हटला. दोघं चुकले. त्यांना कुणी काही बोललं नाही.

वाटेत वडिलांनी विचारलं, "धुयाचं काय म्हणलं रं ते?"

"काही नाही. आवडला म्हणून परत म्हणायला लावला."

वडिलांनी वस्तीत सांगितलं, "माज्या पोरानं म्हणलं, आन् बामनाच्या पोरांनी त्येच्या मागनं म्हणलं. संथा घेतल्यागत." मरेपर्यंत सांगत राहिले. मी कधी खरं सांगितलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अंगणात जाऊन बसलो. पुढे कितीतरी वर्षं बसलो. शिकायचं होतं. मान खाली घालून शिकलो.

परवा शास्त्रीबुवांचा निरोप आला. तुमच्या वस्तीतली मुलं अंगणात बसवतो, तू त्यांना शिकव, पगार देतो. मला दुसरी नोकरी नाही. त्यांचा शब्द आजवर मोडलेला नाही. दोन दिवस विचार केला आणि हे पत्र धाडलं:

"तीर्थस्वरूप शास्त्रीबुवांस साष्टांग नमस्कार.

मला विद्या तुम्ही दिलीत. ते मी कुठेही, कुणापुढेही सांगेन. पण त्या अंगणात मी शिकवणार नाही. आमचं एकही मूल तिथे बसणार नाही.

उद्यापासून आमच्या दारापुढे संथा सुरू करतो. एकच चटई आहे. तुमच्या ओसरीवरची मुलं आली तर त्याच चटईवर बसतील. रीत तुमचीच ठेवली आहे. मी एकदा म्हणेन. सगळी मुलं दोनदा म्हणतील. माझ्यामागून."