तिथे कुठला देव?

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या सहलीपर्यंत मला धड सांगता आलं नसतं. पूजा आई करायची आणि मी उदबत्तीच्या धुरावरून कुरकुर करायचो. बाबा गेल्यावर ती पुण्याहून परदेशात, आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तीच मुळी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पर्समध्ये घेऊन.

ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर मी ग्वाटेमालाला जायचं ठरवलं. वाटेत तंबू टाकत जायचं आणि माया लोकांची प्राचीन देवळं बघायची. फोटो बघून आईने विचारलं, "तिथे कुठला देव रे?"

"आता देव नाही गं, नुसते दगड आहेत."

"देऊळ आहे म्हणजे देव असणारच. मीही येते. तंबूत झोपेन. आपले देव तांदळात ठेवू, म्हणजे उपाशी राहायचे नाहीत." तिने डबासुद्धा घासूनपुसून ठेवला.

माझ्या अगदी जिवावर आलं. तिचे गुडघे, तिचं पथ्य, रानात तिला कोण सांभाळणार? आठवड्याने मी ठोकून दिलं की तिचा व्हिसा नाकारला. ती "बरं" म्हणाली आणि डबा परत फळीवर गेला. एवढ्यावर सुटलो म्हणून मला हायसं वाटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते.

तिसऱ्या मुक्कामावर माझं पोट बिघडलं. सकाळी मित्रांना पुढे पाठवलं आणि उन्हं चढल्यावर हट्टाने एकटाच देवळांकडे निघालो. अर्ध्या वाटेत पाण्याची बाटली रिकामी झाली आणि पाय लटपटायला लागले. फोनला रेंज नव्हती. एका झाडाच्या मुळावर बसलो आणि घाबरून हाक मारली ती आईला. देवाचं नाव नंतर आठवलं.

थोड्या वेळाने माझ्याच वयाचा एक माणूस वाटेने येताना दिसला. त्याच्या पाठीला लाकडी खुर्ची बांधलेली होती आणि तिच्यात त्याची म्हातारी आई बसली होती. मला बघून तिने त्याला थांबवलं, खाली उतरली आणि थर्मासमधली मक्याची गरम पेज मला स्वतःच्या हाताने पाजली. लेकाला थोडं इंग्रजी येत होतं. ते माया होते, दूरच्या गावाहून पूजेला आले होते. म्हातारीने काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "आई विचारतेय, तुझी आई कुठे आहे?"

"घरी," मी म्हणालो.

त्यांच्या मागोमाग सावकाश चालत मी देवळापाशी पोचलो. तिथे धूप जळत होता, माणसं हात जोडून बसली होती. म्हातारीने एक मेणबत्ती माझ्या हातात दिली. ती लावताना मी लहान मुलासारखा रडलो. आईला कोण सांभाळणार म्हणून मी तिला टाळलं होतं, आणि मला सांभाळलं ते जिला धड चालता येत नव्हतं अशा एका आईने.

घरी आल्यावर आईला सगळं खरं सांगितलं. तिने माझ्या पानात मऊ भात वाढला. "ठाऊक होतं रे. व्हिसाला पासपोर्ट लागतो ना? माझा तर देवांच्या खणातच होता. तू मागितलाच नाहीस."

पुढच्या वर्षी नक्की नेतो, म्हणालो. पुढचं वर्ष तिला मिळालं नाही.

ती गेल्यावर तो खण उघडला. पासपोर्टमध्ये तिचे दोन नवे फोटो होते, व्हिसाच्या मापाचे. मला न सांगता काढून आणलेले. ठेवणीतली साडी, अंबाडा नीट घातलेला.

आता पूजा मी करतो. जमेल तशी, चुकतमाकत. सांभाळणारा मी नव्हे, हे त्या रानात कळलं. त्या म्हातारीला मी रोज मनातून नमस्कार करतो. गावाला जाताना देव तांदळात ठेवतो आणि डब्याचं झाकण लावण्याआधी आईच्या त्या दोन फोटोंपैकी एक खिशात घेतो.