लाईनवाले सर

फोनात कुणी बोलत नसताना बी तो कानाला लावून उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला. पाटोद्याच्या कॉलेजातले आमचे लाईनवाले सर. फोनात चिर्र चिर्र वाजायचं अन् सर डोळे मिटून ऐकायचे. म्हणायचे, "मावशी, जरा थांबा. आपला कॉम्प्युटर तिकडच्याला हाक मारतोय." तेवढ्यात लाईन तुटायची. सर हसायचे अन् पुन्हा नंबर फिरवायचे.

मालक गेले तवा माझ्या पदरात दोन पोरी हुत्या. कोथिंबीर इकून दिस काढले, त्याचं काय सांगायचं. गावची विहीर माझ्या दारापुढंच. सरांना गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजायचं हुतं, विद्यापीठाच्या मोठ्या अभ्यासासाठी. ते काम त्यांनी मला दिलं. मला लिहिता येत न्हाई. मी दोरीला दगड बांधून सोडायचे अन् बाजाराच्या दिशी सांगायचे, "सर, पाणी नऊ हात चार बोटं खाली हाय." तवा सरांनी फूटपट्टी आणून माझा हातच मोजला, कोपरापासून बोटापर्यंत. बोटं बी मोजली. म्हणले, "झालं. आता हेच आमचं माप."

एका उन्हाळ्यात इपरीत झालं. पावसाचा थेंब न्हाई, अन् विहीर दर आठवड्याला तीन-तीन बोटं वर चढायली! मी तीनतीनदा दोरी सोडली. सरांनी आकडे विद्यापीठाला धाडले. त्या मरतुकड्या लाईनीवर लांब कागद जायचा न्हाई, म्हणून टपालानं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, बाई अंदाजे सांगते, ही विहीर यादीतून काढा. गावात समजलं. शेजारीण म्हणली, "काय गं, चुलीपुढं बसून मोजती का?" मी लई सोसलंय, पर खोटारडी म्हणून बोल कधी लागू दिला न्हाई. सर एवढंच म्हणले, "यादी पक्की व्हायला महिना आहे."

त्याच महिन्यात रस्त्याकडंनं चर खंदत नवी तार आली. काचंची, म्हणं! "फुटंल की सर!" "नाही फुटत मावशी, केसासारखी बारीक आहे. तिच्यातून उजेड पळतो." सर रोज चर बघायला जायचे. एकदा तर टिकाव घेऊन सोताच खंदाया लागले. गडी म्हणला, "ठिवा सर, हाताला फोड आले तर खडू कसा धरताल?"

यादीच्या शेवटच्या दिशी नवी लाईन चालू झाली. सरांनी मला बाजारातून बोलावून घेतलं, कोथिंबिरीची पाटी बाजूला ठिवून मी आत गेले. साऱ्या कॉलेजांच्या विहिरी एकाच पडद्यावर! डोंगराच्या वरच्या अंगाच्या दोन विहिरी दुसऱ्या कॉलेजच्या पोरी मोजायच्या. सर वरडलेच, "मावशी! ही आधी चढली, मग ही, मग तुमची!" वरच्या पाझर तलावातलं पाणी खडकातून, हळूहळू, खालून चालत आलतं. इतके दिस हे कागद कुणी एकमेकापाशी ठिवलेच नव्हते. सरांनी तिथंच लिहून धाडलं. माझा चहा निवायच्या आत उत्तर आलं, विहीर यादीत ठेवा, बाईंना नमस्कार सांगा. सर खुर्चीभोवती गिरकी मारून नाचले. एवढा शिकलेला माणूस!

मग सरांची बदली झाली, लांब. निघताना म्हणले, "मावशी, आता खालच्या गावची विहीर चढली पाहिजे. मी असणार नाही. लक्ष ठेवा."

मी दर आठवड्याला खालच्या गावी चालत गेले. तिथं कुणी मोजत नव्हतं. पाचव्या खेपंला पाणी दोन बोटं वर आलं. तशीच कॉलेजात गेले. नवीन मॅडमला म्हणलं, "सरांना लिवा, आलं."

मॅडमनी लिहिलं. मी पदरानं घाम पुसते तोवर सरांचं उत्तर आलं. मॅडमनी वाचलं, "कुणी मोजलं?"

मी म्हणलं, "माझं नाव घाला."

त्यांनी घातलं. लगोलग उत्तर आलं, "मग खरं आहे."