वालांना भूल देणारे काका

फोन आला तेव्हा मी काकांच्याच ग्रीनहाउसमध्ये होतो आणि माझ्या दोन्ही हातांत वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं होतं. सप्टेंबरातली संध्याकाळ, सहाला दोन-चार मिनिटं कमी. फोन कसाबसा खांद्यावर दाबून मी 'हॅलो' म्हटलं. पलीकडून काकू म्हणाल्या, "नंदू, गेले रे काका… आत्ताच." अशा वेळी काय बोलावं याची काही रीत असतेच. घरातल्या प्रत्येक कार्यात किस्से सांगायला पुढे सरसावणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्या बोलघेवड्याला तर ती पाठच असायला हवी. मी म्हणालो, "काकू, मग आता झाकू की नको?" पलीकडे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून एक ट्रॉली खडखडत गेली. मग त्या म्हणाल्या, "झाक. सहा वाजले असतील." मी खोकं कुंड्यांवर उपडं घातलं आणि मग तिथेच पालथ्या बादलीवर बसून रडलो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. तरुणपणी एडिनबराला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून राहिले. मी नोकरीसाठी इकडे आलो तो त्यांच्याच भरवशावर, आणि घरही घेतलं त्यांच्यापासून दहा मिनिटांवर… काकूंच्या हातच्या जेवणापासून दहा मिनिटांवर, असं म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल. निवृत्तीनंतर काकांनी मागच्या अंगणातली हिरवळ उकरून भाज्या लावायचं ठरवलं. रोपं विकत आणायची नाहीत, सगळं बियांपासून. शुभारंभ अर्थातच गुढीपाडव्याला. मला कुदळ दिली. मी पहिला घाव घातला तर मातीनं ती परत केली, इतकी जमीन गोठलेली. तरीही आम्ही मेथी, कोथिंबीर आणि (हसू नका) भेंडीसुद्धा पेरली. तिसऱ्या दिवशी वाफ्यावर वीतभर बर्फ. काका स्वयंपाकघराच्या खिडकीतून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पेशंट टेबलावर घेण्याआधी तपासायचा असतो. एवढी वर्षं केलं, आणि इथे विसरलो."

पण तीच चूक पुन्हा करणारा माणूस नव्हता तो. पुढच्या वर्षीपासून मार्च उजाडला की घराची नर्सरी व्हायची. दह्याचे रिकामे डबे, टॉयलेट रोलच्या नळ्या, मश्रूमच्या ट्रे, सगळ्यांत माती आणि मातीत बी. खिडक्यांच्या कट्ट्यांवर जागा संपली की सोफ्यावर. एकदा मी टोमॅटोच्या रोपांवर बसलो. काका ओरडले नाहीत. "एकदम उठू नकोस," एवढंच म्हणाले, आणि माझ्याखालून एकेक डबा असा काढला की त्यातली निम्मी रोपं जगली. मे महिन्यात तर खरी कसोटी. घरातल्या उबेत वाढलेली रोपं एकदम बाहेर लावली तर मरतात, म्हणून रोज सकाळी ट्रे अंगणात न्यायच्या, संध्याकाळी घरात आणायच्या, असं दोन आठवडे. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस. "आयसीयूतून वॉर्डात, वॉर्डातून घरी," काका म्हणायचे. शेजारच्या मॉरीनबाई कुंपणावरून विचारायच्या, "डॉक्टर, आज पेशंट कसे आहेत?" आणि काका प्रत्येक ट्रेची प्रकृती गंभीरपणे सांगायचे. हळूहळू मेथी आली, मुळे आले, मटार आले. पालक तर इतका आला की मी त्यांच्याकडे जाताना पिशवी न्यायची नाही, असा आमच्या घरी ठराव झाला.

आले नाहीत ते फक्त वाल. आणि काकांना हवे होते ते फक्त वाल.

त्याचं कारण काकू. त्यांचं माहेर रोह्याजवळचं, कडव्या वालांच्या शेतांतलं. इथल्या दुकानातून आणलेल्या वालांचं बिरडं त्या करायच्या, वाढायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "वाल आहेत, पण आमचे नाहीत." तक्रार नसायची, नुसतं म्हणणं. काका एकदा मला म्हणाले, "नंदू, हिला मी लग्न करून थेट या थंडीत आणून ठेवली. हिनं कधी काही मागितलं नाही. हे वाल… हेही मागितलेले नाहीत. पण दर वेळी म्हणते ना." माहेरचं बी आलं होतंच. ते दहा-अकरा वर्षं दर वसंतात थोडं थोडं पेरलं गेलं. रोपं उत्तम यायची, पानं तळहाताएवढी. पण फूल नाही. ऑक्टोबरात कुठे कळ्या दिसायला लागायच्या आणि थंडीनं सगळं काळं पडायचं. काकांचं निदान ठरलेलं होतं, ऊब कमी पडते. म्हणून ग्रीनहाउस आलं, मग त्याला आतून बबल रॅप, मग हीटर. मीही तज्ज्ञासारखी मान डोलावून "अजून एक हीटर हवा" असं सुचवायचो.

गेल्या वर्षी दुसऱ्या हीटरची चर्चा चालली होती. काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, वाल कधी उन्हाळ्यात बघितलेत का तुम्ही?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे भात काढल्यावर पेरतात. थंडीत. दवावर येतात ते. दिवस लहान झाल्याशिवाय वाल फुलत नाहीत, हे आमच्या गड्यालासुद्धा माहीत होतं."

काका उभेच राहिले. इथे जून-जुलैत दहा वाजेपर्यंत उजेड असतो. वालांना बिचाऱ्यांना रात्रच मिळत नव्हती, आणि आम्ही त्यांना शेकत बसलो होतो. "मीना, इतकी वर्षं हे सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही दोघं हीटर बघत होतात."

काका इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या वर्षी उशीर झाला होता, पण पुढच्या, म्हणजे या वर्षी त्यांनी पद्धतशीर बेत केला. सहा कुंड्या. वॉशिंग मशीनचं खोकं, आतून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटवलेल्या. जुलै संपत आला की रोज संध्याकाळी सहाला ते कुंड्यांवर उपडं घालायचं आणि सकाळी आठला काढायचं. बाहेर लख्ख ऊन, आत वालांची रात्र. "जन्मभर हेच केलं," काका म्हणाले. "झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं. फरक एवढाच, की हे उठल्यावर ओकत नाहीत."

जेमतेम आठवडाभर त्यांनी झाकलं. मग त्यांना हॉस्पिटलात जावं लागलं, आणि ते तसं लवकर परत यायचं दुखणं नाही हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. काकू संध्याकाळी त्यांच्यापाशीच असायच्या, म्हणून खोकं माझ्याकडे आलं. "एकही रात्र चुकवू नकोस. मध्ये उजेड मिळाला की त्यांचा गोंधळ उडतो, पुन्हा पहिल्यापासून." मी मान डोलावली. आणि ऑगस्टच्या एका शनिवारी मित्राकडे लंडनजवळ स्लाऊला गेलो. वाल आठवले ते सोमवारी ट्रेनमधून परत येताना. दोन रात्री! संध्याकाळी वॉर्डात काकांनी विचारलं, "झाकलंस?" मी म्हणालो, "हो, काका." ते म्हणाले, "छान." आणि डोळे मिटून घेतले.

कळ्या आल्या, फुलं आली. मी फोटो नेला. फूल तोडून आणू का विचारलं तर त्या अवस्थेतही डोळे वटारले. "फूल काय करायचंय? तिच्या ताटात शेंग पडू दे." त्यानंतर रोज एकच प्रश्न, शेंग धरली का. रोज मी नाही म्हणायचो आणि मनात त्या दोन रात्री मोजायचो. काका गेले, आणि नवव्या दिवशी सकाळी खोकं उचललं तर फुलांच्या दांड्यावर नखाएवढी शेंग. हिरवी, चपटी, जराशी वाकलेली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र हिशेब करत उभा होतो… दोन रात्री वाया, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे काकांना ती बघायला मिळाली नाही, ती माझ्यामुळे.

ऑक्टोबरच्या मध्यावर शेंगा भरल्या. थोड्या बियाण्यासाठी वेलावर ठेवून काकू आणि मी बाकीच्या तोडत होतो, तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, स्लाऊ, दोन रात्री, वॉर्डातलं खोटं. काकू शेंग तोडता तोडता थांबल्या.

"अरे, त्या दोन्ही दिवशी मॉरीननं झाकलं. सकाळी काढलंही."

"काय?"

"यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. सहानंतर कुंपणावरून डोकाव, उघडं दिसलं तर झाक म्हणून. मी म्हटलं, अहो, नंदूवर विश्वास नाही का? तर म्हणाले, विश्वास आहे, पण ऑपरेशनला मी कधी एकटा माणूस ठेवला नाही. आणि शनिवारी मॉरीननं कळवलं तेव्हा मला बजावलं, त्याला बोलू नकोस, बिचारा स्लाऊहून धावत येईल."

मी शेंगांची टोपली धरून उभा राहिलो. "छान" म्हणून डोळे मिटणारे काका मला आत्ता कुठे दिसले. वाल त्यांच्या वेळेनंच आले होते. काकाच थोडे आधी गेले.

दाणे निघाले ते वाटीभरही नाहीत. काकूंनी आलं-मिरची आणि नारळ घालून उसळ केली. मॉरीनबाईंना बोलावलं. तिघांच्या ताटांत दोन-दोन चमचे. मॉरीनबाई पहिला घास घेऊन सभ्यपणे "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. मी काकूंकडे बघत होतो. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला. पुन्हा एक घेतला. मग रिकाम्या चमच्याकडे बघत म्हणाल्या,

"कडू आहेत रे… हे आमचे आहेत."