स्लॅबच्या दिवशी येणारा साहेब

ती घटना मला आजही आठवते ती एवढ्याचसाठी, की लुबाडली गेलेली घरं बरीच होती आणि फिर्यादी एकही नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका ठाण्यात फौजदार होते. शहर मळ्यांपर्यंत पोहोचलं होतं आणि फुलं-भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या घरांवर मजले चढत होते. आमच्या हवालदारांनी खबर आणली: महापालिकेचा अधिकारी म्हणवणारा एक जण स्कूटरवरून येतो, बांधकामाची परवानगी दाखवा म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. येतो तो नेमका स्लॅबच्या दिवशी. स्लॅब ओतायला घेतला की मध्ये थांबवता येत नाही. थांबवला तर तिथे सांधा राहतो आणि पुढे गळत बसतो. मिक्सर चालू, मजूर लागलेले, मागे त्यांचं जेवण शिजतंय. अशा वेळी माणूस वाद घालत नाही, खिशात हात घालतो.

आम्ही घरोघर फिरलो. "कोण साहेब? आमच्याकडं कुणी नाय आलं," हेच उत्तर. परवानगी कुणीच काढलेली नव्हती. तक्रार द्यायची म्हणजे स्वतःचं बांधकाम स्वतःच दाखवून द्यायचं.

मग एक बाई ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या, विधवा, फुलबाजारात झेंडू-शेवंती विकणाऱ्या. बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, तो स्लॅबवाला साहेब खरा हाय का?"

मुलाचं लग्न ठरलं होतं, वर एक खोली काढायची होती. मिस्त्री म्हणत होता, परवानगीत महिने जातील, विचारतंय कोण? शेजारी राहणाऱ्या धाकट्या दिराचा सल्ला होता, "वहिनी, साहेबाचे तेवढे बाजूला काढून ठेवा. मी बी दिले." या बाई मात्र सरळ महापालिकेत जाऊन चौकशी करून आल्या होत्या. अशा वर्णनाचा कुणी साहेब तिथे नव्हता.

मी म्हटलं, "तुम्ही रीतसर परवानगी काढा. त्याला तुमच्यावर काही धरता आलं नाही, तर तुमची फिर्याद टिकेल."

"काढीन. पण जागा बघायला माणूस आला की भाऊजींची गॅलरी दिसंल त्याला. मधी एकच भिंत हाय आमच्या. गॅलरी गेली तर भाऊजी तोंड बघणार नायत माझं."

मी आग्रह केला नाही. घर त्यांचं, दीर त्यांचा.

आठवड्याभराने त्या परत आल्या. "अर्ज टाकला. लग्न पुढं ढकललं. ज्या घरात सून आणायची, ते चोरून कशाला बांधू?" अर्ज देण्याआधी दिराला तोंडावर सांगून टाकलं होतं. तेव्हापासून त्याने बोलणं बंद केलं होतं.

परवानगी पावसाळ्यानंतर मिळाली. स्लॅबच्या दिवशी मी साध्या साडीत, घरच्या बायकांमध्ये मेथी निवडत बसले. दोन पंच पाहुणे म्हणून ओसरीवर. दुपारी साहेब आले.

"काम थांबवा. परवानगी कुठंय?"

"तुम्ही कुठल्या हापिसातनं?" बाईंनी विचारलं.

"महापालिकेतनं. बोलणं वाढवू नका, नाहीतर तोडायला लावीन. मिटवायचं असेल तर आत्ताच मिटवा." आणि त्याने आकडा सांगितला.

बाईंनी वर पाहून हाक दिली, "चालू द्या रे, थांबू नका!" मग माझ्याकडे वळून, "मॅडम, झालं का ऐकून? का अजून मेथी राहिली?"

मी उठले. पंचांसमक्ष त्याला ताब्यात घेतलं. स्लॅब संध्याकाळपर्यंत सलग पूर्ण झाला.

चौकशीत गडी थंड होता. त्याचा मेहुणा मिक्सर भाड्याने द्यायचा. कुणाचा स्लॅब कधी, हे तिथून कळायचं. एवढं कबूल केलं. पुढे म्हणाला, "बाकी कुणाचे घेतले, एक तरी उभा करा." त्याचं बरोबर होतं. एका घराच्या फिर्यादीवर तो लवकरच सुटला असता आणि पुन्हा स्कूटर काढली असती.

मी बाईंना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर ठाण्यात हजर. "मी दिले पैसे. गॅलरी बिनपरवान्याची हाय, ते बी लिहा."

जबाबावर सही घेताना मी विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणली, भाऊजी, त्याला धरला मी एकटीनं. आता कोर्टात बी एकटीच उभी राहू का?"

तो बोलला म्हटल्यावर गल्लीतले बाकीचेही एकेक करून आले. गुन्हा शाबीत झाला.

नोकरीत धाडस बरंच पाहिलं. बहुतेक वेळा ते एका क्षणाचं असतं. या बाई महिनोन्‌महिने महापालिकेच्या खिडक्यांपुढे उभ्या राहिल्या, घरातला अबोला सोसला आणि आपलं म्हणणं बदललं नाही. पुढे कुणीही मला विचारलं, की एका खोलीसाठी परवानगीच्या भानगडीत पडू का, तर मी सांगते: चकरा पडतील, वेळ जाईल. पण घरात लपवण्यासारखं काही असलं, की दारात आलेल्या चोराला चोर म्हणता येत नाही.

दिराने बिनपरवाना वाढवलेल्या खोल्या दंड भरून नियमित करून घेतल्या. गॅलरी नियमात बसत नव्हती. नोटिशीची वाट न पाहता त्याने ती स्वतःच उतरवली. आमचे हवालदार त्याला चिडवायला म्हणाले, "आता संध्याकाळी बसणार कुठं?"

"वहिनीच्या गच्चीवर," तो म्हणाला. "परवानगीची हाय ती."