किलोमीटर सतरा

माणिकप्पांनी छत्तीस वर्षं मैलकुली म्हणून उदगीर-देगलूर रस्त्याचे खड्डे बुजवले, कडेचं गवत काढलं, दगडांना चुना फासला. त्यांचे वडील निजामाच्या काळात याच रस्त्यावर मुरूम पसरत. लग्न होऊन आलेल्या नागम्माला नवऱ्याने सगळ्यात आधी दाखवला तो घरासमोरचा दगड. उदगीरपासून सतरा किलोमीटर. देव दाखवावा तसा दाखवला.

पुढे तोच रस्ता बार्शी, लातूर, उदगीर, देगलूर असा थेट तेलंगणात जाणारा हायवे झाला. चार पदरी, मधोमध सिमेंटचा दुभाजक. घर इकडं, शेत तिकडं. बैल न्यायचे तर अडीच किलोमीटर पुढं जाऊन वळायचं आणि तेवढंच मागं यायचं. दुभाजकाचं काम अजून गावाकडं सरकत होतं, तेव्हाच लोक म्हणाले, अर्ज द्या, वाटेपुरती जागा सोडतील.

सून वर्षाराणी अर्ज लिहायला बसली. "मामा, गावाचं नाव अन् गट नंबर टाकते."

"कशाला? रस्त्याच्या कामात दगडाचा नंबर चालतो. किलोमीटर सतरा लिही. सायबाला बराबर कळतंय."

"अहो, गावाचं नाव तरी लिहू द्या की तिला," नागम्मा म्हणाली.

"तू भाकरी बघ. छत्तीस वर्षं रस्त्यावर मी घातली का तू?"

तिने भाकरी बघितली.

सात महिन्यांनी उत्तर आलं. वर्षाराणीने वाचलं, 'किलोमीटर सतरा येथे पाहणी केली असता पेट्रोल पंपासमोर दुभाजकात जागा सोडलेली आढळली. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"हितं कुठं पंप हाय?" नागम्मा म्हणाली.

"आत्या, आता मोजणी बार्शीकडून हाय. हा तिकडचा सतरावा. हितून दीडशे किलोमीटरच्या पुढं."

"मोजणी उदगीरपासूनच असती," माणिकप्पा म्हणाले. "त्यांचं चुकलं."

तोवर दुभाजक पुरा झाला होता. उलट्या बाजूने हाकताना देवणी बैलांच्या अंगावर ट्रक येता येता राहिला, तेव्हा माणिकप्पांनी जोडी शेतातच बांधली आणि आपली खाटही तिकडं नेली. तेव्हापासून साठीची नागम्मा रोज दुपारी डोक्यावर टोपली घेऊन, एका हाताने गुडघा उचलत दुभाजक चढत होती. दुसरा अर्ज माणिकप्पा करू देईनात. काल तर जेवता जेवता म्हणाले, "कालवणात मीठ कमी हाय."

आज ती रस्त्याच्या अलीकडंच थांबली. टोपली खाली ठेवली.

"अहोऽ! शेताच्या कोपऱ्यावर नवा दगड रोवलाय. त्याच्यावरचा आकडा सांगा. वर्षाराणी नव्या अर्जाचा कागद घेऊन उभी हाय."

"भाकर आण आधी!"

"आकडा आधी!"

"आत्या, मीच जाऊन बघून येते ना," वर्षाराणी म्हणाली.

"न्हाई. त्यांनाच वाचू दे."

माणिकप्पा खाटेवर पाठ फिरवून बसले. ट्रक गेले, एसटी गेली, उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या. बऱ्याच वेळाने ते उठले, इकडं न बघता दगडापाशी गेले, खांद्यावरचा रुमाल काढला आणि दगडाची धूळ पुसायला लागले. आधी वरून, मग दोन्ही बाजूंनी, मग खालची माती.

"पुसू नका!" नागम्मा ओरडली. "वाचा!"